लेटनस्टोन: दुकानांच्या वस्तीतून पडद्यावर गेलेली माणसं

मुक्ता_पूर्वलंडन

गेल्या महिन्यात सासूबाई आमच्याकडे आल्या होत्या. मी त्यांना घेऊन ट्यूबने घरी येत होते. सेंट्रल लाइनवर लिव्हरपूल स्ट्रीटनंतरचं पाचवं स्टेशन लेटनस्टोन, तिथे उतरलो आणि बाहेर पडायच्या बोळातून चालताना त्या मध्येच थांबल्या. भिंतीवर काचेच्या बारीक तुकड्यांचं मोझेइक होतं, त्यातली बाई जिवाच्या आकांताने किंचाळत होती. सासूबाईंनी पर्स काखेत सरकवली आणि चित्रातल्या बाईच्या गालावरून अलगद बोट फिरवलं. "केवढं बारीक काम आहे गं! आणि ही इतकी का घाबरलीय?"

ती किंचाळणारी बाई 'सायको' सिनेमातली. तिथे अशी सतरा मोझेइक आहेत, २००१ साली बसवलेली. एकात पक्षी हल्ला करतायत, एकात कॅमेरा घेऊन खिडकीशी बसलेला नट जेम्स स्टुअर्ट आहे. सगळी सिनेदिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकची, कारण तो इथला. १३ ऑगस्ट १८९९ ला याच गावच्या हाय रोडवर, ५१७ नंबरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर तो जन्मला. वडील भाजी, फळं आणि कोंबड्या विकायचे. तेव्हा हे लंडन नव्हतं, एसेक्स परगण्यातलं गाव होतं. बृहन्लंडनमध्ये आलं ते १९६५ साली.

सहा वर्षं मी इथे राहतेय आणि रोज त्या मोझेइकवरून जातेय. पण सासूबाईंनी विचारलं तेव्हा पहिल्यांदा नीट विचार केला, की ही भीती आली कुठून? हिचकॉक स्वतः एक गोष्ट सांगायचा. चार-पाच वर्षांचा असताना वडिलांनी त्याच्या हातात चिठ्ठी देऊन पोलिस ठाण्यावर पाठवलं. अंमलदाराने चिठ्ठी वाचली, त्याला कोठडीत टाकून दार लावलं आणि पाचेक मिनिटांनी सोडताना म्हणाला, वात्रट मुलांचं आम्ही असं करतो. गोष्ट तो दर वेळी थोडी वेगळी सांगायचा, त्यामुळे तिच्यातलं घडलेलं किती आणि रचलेलं किती, हे सोडून देते. पण चिठ्ठी घेऊन निघालेला पोरगा, चिठ्ठीत काय लिहिलंय ते त्याला ठाऊक नाही, आणि ज्याने पाठवलं तो सख्खा बाप! त्याचे अर्धे सिनेमे याच गोष्टीचे आहेत. काही न केलेला माणूस पकडला जातो आणि आपण काय केलं तेच त्याला कळत नाही.

मग मी इथे जन्मलेली आणखी माणसं शोधायला लागले आणि थक्क झाले. नट, वादक, टीव्हीवरची स्वयंपाकीण. मला नुसती यादी नकोय. या वस्तीने त्यांना काय दिलं, ते कुणाला सांगता येईल का? मला दिसतं ते एवढंच, की ही दुकानांची वस्ती होती. गिऱ्हाईक बघत वाढलेली मुलं.

रंगपीठ

मुक्ताताई, धागा आवडला. नट डेरेक जेकबीबद्दल मी लिहितो, कारण त्या माणसासाठी मी रात्र-रात्र जागून नाटकांची रेकॉर्डिंग पाहिली आहेत.

जन्म २२ ऑक्टोबर १९३८, लेटनस्टोन. तुमचं दुकानांचं म्हणणं इथेही लागू पडतं. आई कापडाच्या दुकानात कामाला होती आणि वडिलांचं चिंगफर्डला गोळ्या-चॉकलेटं, तंबाखूचं दुकान. घरात नाटकाचा वारा नाही. सहा-सात वर्षांचा असताना वाचनालयाच्या नाट्यगटात तो पहिल्यांदा उभा राहिला. मग लेटनची सरकारी हायस्कूल, आणि शाळेत असतानाच १९५७ साली एडिंबरा महोत्सवात हॅम्लेट. तिथून केंब्रिज, मग बर्मिंगहॅमची रंगभूमी. तिथे नामवंत नट लॉरेन्स ऑलिव्हिएने त्याला हेरलं. १९६३ साली इंग्लंडचं नॅशनल थिएटर सुरू झालं ते 'हॅम्लेट'ने. पीटर ओटूल हॅम्लेट आणि आपला हा पंचविशीतला पोरगा लेअर्टीसच्या भूमिकेत.

पण मला सांगायचंय ते त्याच्या तोतरेपणाबद्दल. स्वतः तोतरा नाही, भूमिका तोतऱ्या. १९७६ साली बीबीसीवर 'आय, क्लॉडियस' आलं. रोमचा राजपुत्र, लंगडा, बोलताना अडखळणारा, सगळे ज्याला खुळा समजतात आणि म्हणूनच जो जिवंत राहतो. त्या मालिकेत जेकबी शब्द अडला की आधी डोळ्यांत अडवतो. ओठ हलण्याआधी मान किंचित झटकते, पापण्या फडफडतात आणि शब्द सुटला की क्षणभर चेहऱ्यावर सुटका दिसते. या भूमिकेसाठी त्याला ब्रिटनचं बाफ्टा पारितोषिक मिळालं. दहा वर्षांनी रंगमंचावर त्याने गणितज्ञ ॲलन ट्युरिंग केला, तोही अडखळत बोलणारा. आणि २०१० मध्ये तोतऱ्या राजावरच्या 'द किंग्ज स्पीच'मध्ये तो आर्चबिशप झाला. तिथे अडखळणारा दुसरा आणि हा त्याच्याकडे कीव करत बघणारा.

आणखी एक. ऐंशीच्या सुमारास हॅम्लेटच्या दौऱ्यात, सगळ्या जगाला पाठ असलेल्या त्या स्वगतातच त्याला एकाएकी धास्ती बसली. त्यानंतर सुमारे दोन वर्षं तो रंगमंचावर गेला नाही. १९८२ मध्ये रॉयल शेक्सपिअर कंपनीत परत आला आणि पुढे न्यूयॉर्कला जाऊन नाटकांसाठीचं टोनी पारितोषिक पटकावलं. तोंडातून शब्द न फुटण्याचं भय ज्याने अभिनयात इतकं बारकाईने दाखवलं, त्यालाच ते खरोखर भोगावं लागलं. हे मला कधीच विसरता येत नाही.

आजचा नट-दिग्दर्शक केनेथ ब्राना याने शाळकरी वयात जेकबीचा हॅम्लेट बघितला आणि नट व्हायचं ठरवलं. पुढे १९८८ साली जेकबीने ब्रानाचा हॅम्लेट बसवला, आणि १९९६ च्या चित्रपटात ब्राना हॅम्लेट तर जेकबी त्याचा चुलता क्लॉडियस. आपल्याकडे अशा नात्याला घराणं म्हणतात.

नचिकेत_के

चांगली चर्चा चाललीय, पण एक मूलभूत शंका. 'इथे जन्मला' याचा अर्थ आपण काय घेतो?

व्हिप्स क्रॉस हे लेटनस्टोनचं मोठं हॉस्पिटल. डेव्हिड बेकहॅम तिथे जन्मला, क्रिकेटर ग्रॅहम गूचही तिथलाच. बेकहॅम वाढला मात्र चिंगफर्डला. आई केस कापायची, वडील स्वयंपाकघरं बसवायचे. जन्मगावाच्या रकान्यात लेटनस्टोन आलं ते बाळंतपणापुरतं. उलट डेमन आल्बार्न. ब्लर आणि गोरिलाझ या बँडचा गायक. तो व्हाइटचॅपलला जन्मला, पण लहानपण लेटनस्टोनच्या फिलब्रुक रोडवर गेलं. २०१४ च्या त्याच्या एकट्याच्या अल्बममध्ये 'हॉलो पाँड्स' नावाचं गाणं आहे, व्हिप्स क्रॉसच्या शेजारच्या तळ्यावरचं. सुरुवातच १९७६ च्या कडक उन्हाळ्याची.

आता सांगा, लेटनस्टोनचा कोण? जन्मलेला बेकहॅम की तळ्यावर गेलेला आल्बार्न?

मुक्ता_पूर्वलंडन

नचिकेत, शंका अगदी रास्त आहे. माझ्यापुरतं उत्तर सांगते. आल्बार्न आमचा. ते तळं माझ्या घरापासून चालत वीस मिनिटांवर आहे. भाड्याच्या होड्या असतात, काठावर खडी आणि लालसर चिखल, रविवारी बाबागाडीवाल्यांची गर्दी. ते गाणं ऐकल्यापासून मला तिथे उगाच उकाडा जाणवतो, जानेवारीतसुद्धा.

पण धाग्यात नियम जन्माचाच ठेवू या, नाहीतर सगळं लंडन आत येईल. बेकहॅमला मी चिंगफर्डकरांकडे सोपवते. त्यांचा त्याच्यावर जास्त हक्क आहे.

बासवाला

अहो, स्टीव्ह हॅरिसला विसरलात सगळे! १२ मार्च १९५६, लेटनस्टोन. आयर्न मेडन या हेवी मेटल बँडचा संस्थापक, बास गिटार वाजवतो आणि बहुतेक गाणी त्याचीच. वडील ट्रक चालवायचे. पोरगेला असताना वेस्ट हॅम क्लबमध्ये फुटबॉलच्या सरावाला जायचा, नंतर नकाशे काढणारा ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी केली. १९७५ च्या नाताळच्या दिवशी बँड काढला. सुरुवातीचे कार्यक्रम जवळच्या स्ट्रॅटफर्डमधल्या 'कार्ट अँड हॉर्सेस' पबमध्ये.

पडद्याशी त्याचा संबंध काय, असं कुणी विचारेल. १९८२ चं 'द प्रिझनर' हे गाणं त्याच नावाच्या टीव्ही मालिकेवर बेतलंय आणि मालिकेतले संवादच सुरुवातीला वाजतात. मालिकेचा नट पॅट्रिक मॅक्गूहनची परवानगी घेतली होती त्यासाठी. बँडची कितीतरी गाणी सिनेमे आणि पुस्तकं पाहून-वाचून आलेली आहेत. या पोरांनी थिएटरात बसून जे पाहिलं, ते गिटारवर आणलं.

आता माझं स्वतःचं. १ फेब्रुवारी २००८, वांद्रे-कुर्ला संकुलातलं एमएमआरडीए मैदान. त्यांच्या जगभरच्या दौऱ्याचा पहिला कार्यक्रम मुंबईत. गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः वैमानिक. बोइंग ७५७ मध्ये बँड, कामगार आणि सगळं सामान भरून तो स्वतः विमान उडवत आला होता. ४५ दिवसांत २३ कार्यक्रम केले त्यांनी, आणि त्यावर 'फ्लाइट ६६६' नावाचा माहितीपट निघाला. तो सुरू होतो मुंबईपासून. मी कुर्ल्याहून चालत गेलो होतो, अंगात काळा टीशर्ट. हॅरिसची एक लकब आहे. एक पाय स्पीकरवर ठेवतो, बासचा दांडा बंदुकीसारखा प्रेक्षकांवर रोखतो आणि प्रत्येक शब्द सोबत म्हणतो, माईक समोर नसला तरी. त्या रात्री धुळीत उभा राहून मी ते बघितलं. माझ्या आजूबाजूला नागालँड-मिझोरमची मुलं होती, दोन-दोन दिवस रेल्वेने आलेली. सगळे एका सुरात. मला रडू आलं होतं.

सुगरण_डोंबिवली

फॅनी क्रॅडॉकबद्दल कुणी लिहीत नाहीये, मी लिहिते. जन्म १९०९, लेटनस्टोन. टीव्हीवर स्वयंपाक शिकवून घराघरात पोचलेली इंग्लंडमधल्या पहिल्या काही बायकांपैकी एक. मुक्ता, तुझी 'दुकानातली मुलं' इथे तितकी बसत नाहीत बरं का. तिचे वडील धान्याचे व्यापारी होते खरे, पण कादंबऱ्याही लिहायचे, आणि ती वाढली आजीकडे.

तिचे जुने भाग मी बघितलेत. अंगात पार्टीला जायचा झुळझुळीत गाऊन, भुवया रेखलेल्या, आणि त्या वेशात ती कढईशी उभी. बाजूला नवरा जॉनी, एका डोळ्याला चष्मा लावून, वाइनचा पेला घेऊन. बटाट्याचा लगदा हिरवा रंगवून पिशवीतून नक्षी पाडायची. आज बघताना विचित्र वाटेल, पण युद्धानंतर इंग्लंडमध्ये १९५४ पर्यंत रेशनिंग होतं हे लक्षात घ्या. अंडी-लोणी मोजून घेतलेल्या बायकांना ती सांगत होती, की पानात रंग असायला हरकत नाही. माझी आजी रेशनच्या रांगेतल्या गोष्टी सांगायची, म्हणून मला ते आतून कळतं.

तिचा शेवट मात्र वाईट झाला. १९७६ मध्ये एका कार्यक्रमात डेव्हनच्या एका शेतकरीणबाईला मोठ्या मेजवानीचा बेत करायची संधी मिळाली होती. सल्ला द्यायला फॅनीला बोलावलं. त्या बाईने कॉफीचं गोड सांगितलं आणि फॅनीने कॅमेऱ्यासमोर ओकारी आल्यासारखं तोंड केलं. लोक खवळले, पत्रांचा पाऊस पडला, बीबीसीने तिचं काम थांबवलं. मला त्या शेतकरीणबाईचं वाईट वाटतंच, उत्साहाने आलेल्या माणसाच्या पदार्थाला असं करू नये. पण वीस वर्षांचं काम एका तोंड वेंगाडण्यावर पुसलं गेलं, हेही मला पटत नाही. पदार्थ फार जड आहे, हे तिचं मूळ म्हणणं चुकीचं नव्हतं. सांगायची रीत चुकली.

गुलटेकडी_गाळा

मी या विषयावर लिहीन असं वाटलं नव्हतं. पण हिचकॉकचे वडील भाजीवाले हे वाचलं आणि राहवलं नाही. आमचा मार्केट यार्डात कांदा-बटाट्याचा गाळा आहे, आजोबांपासून.

त्याचा १९७२ चा 'फ्रेन्झी' सिनेमा पाहिलाय का कुणी? त्यातला खुनी लंडनच्या कॉव्हेंट गार्डन बाजारातला फळं-भाजीचा व्यापारी. एका बाईचा खून करून प्रेत बटाट्याच्या पोत्यात भरतो आणि पोतं ट्रकवर चढवतो. मग लक्षात येतं, की टायची पिन प्रेताच्या मुठीत राहिली. तो मागच्या बाजूने ट्रकमध्ये चढतो, तेवढ्यात ट्रक सुरू होतो. अंधारात पोतं सोडून बटाटे उपसत बसतो. हात ताठलेला, मूठ उघडत नाही. बटाटे मागच्या फळीवरून रस्त्यावर घरंगळतायत.

हे सगळं भयंकर आहेच. पण मला खरं चपापायला झालं ते पुढे. पिन काढून तो वाटेत ट्रकवाल्यांच्या एका खानावळीपाशी उतरतो आणि तिथे ब्रशने कपडे झटकतो. पोलिस नंतर त्याच ब्रशमधली बटाट्याची धूळ पकडतात.

मंडळी, बटाट्याची धूळ असते. बाहेरच्या माणसाला ठाऊक नसतं. बटाटा धुतलेला नसतो, त्याच्या अंगाला वावरातली माती चिकटलेली असते. पोतं पालथं केलं की ती पिठासारखी उडते. भुवयांवर बसते, बाहीच्या दुमडीत, मनगटावरच्या घड्याळाखाली. आमचे हमाल पहाटेच्या उलाढालीनंतर नळावर जातात तेव्हा पहिलं पाणी भुरकट निघतं. माझे वडील लग्नाला जाताना धुतलेला शर्ट घालायचे तरी आई म्हणायची, "वास येतोय बटाट्याचा." असा पुरावा भाजीवाल्याच्या पोरालाच सुचतो. शाळेतून आल्यावर दुकानात पोत्यांवर बसलेला असणार तो.

तबला_तिहाई

वा, गुलटेकडीकर! वाचता वाचता नाकाला तो वास आला.

माझी थोडी भर. टॅल्विन सिंग, १९७० चा, लेटनस्टोनचाच. तबलावादक. घर पंजाबी. किशोरवयात पंजाबात जाऊन उस्ताद लछमन सिंगांकडे तबला शिकला. लंडनला परतल्यावर तबल्याला इलेक्ट्रॉनिक संगीताशी जोडलं, 'अनोखा' नावाची क्लब-रात्र चालवली, आणि १९९९ साली 'ओके' या अल्बमसाठी त्याला मर्क्युरी पारितोषिक मिळालं. तिथला वर्षातला सर्वोत्तम अल्बम म्हणून हे पारितोषिक देतात.

आमच्या क्लासात तेव्हा गुरुजींना ते आवडलं नव्हतं. मशीनच्या ठेक्यावर तबला म्हणजे काय, असं ते म्हणाले. मी मात्र कॅसेट झिजेपर्यंत ऐकली. बायाँची मींड तो मशीनच्या आवाजात बुडू देत नाही, ती वर तरंगते. गुरुजींना मी पुन्हा कधी ऐकवू शकलो नाही, ते राहूनच गेलं.

लेटनस्टोनने त्याला काय दिलं? मला वाटतं, दोन्ही आवाज एकाच भिंतीतून ऐकायची सवय. घरात गुरुबानी, शेजारी रेडिओ.

नचिकेत_के

गुलटेकडीकर, तुमच्या प्रतिसादामुळे सिनेमा काल रात्री बघितला. ब्रशचा प्रसंग दोनदा.

एक गोष्ट मात्र आग्रहाने मांडतो. बापाच्या दुकानात कोंबड्या होत्या म्हणून 'द बर्ड्स' आला, असं कुणी म्हणू नका. तो सिनेमा डॅफ्नी द्यू मॉरिएच्या कथेवर आहे. जन्मगावात प्रत्येक गोष्टीचं मूळ शोधायला लागलो तर माणसाने पुढे केलेले कष्ट दिसेनासे होतात. हिचकॉक १९२० च्या सुमारास इझलिंग्टनच्या स्टुडिओत मूकपटांच्या पाट्या रंगवायला लागला, तिथून पायरी पायरीने चढला. १९३९ ला अमेरिकेत गेला. दिग्दर्शनासाठी पाच वेळा ऑस्करचं नामांकन, एकदाही मिळालं नाही. हे सगळं लेटनस्टोनने केलेलं नाही.

मुक्ता_पूर्वलंडन

पटलं, नचिकेत. पक्ष्यांचं मी मनात आणलं होतं, काढून टाकते.

काल संध्याकाळी मुद्दाम ५१७ नंबरच्या जागेवर गेले. दुकान कधीच पाडलंय, तिथे पेट्रोल पंप आहे. जवळच्या भिंतीवर काळ्या पक्ष्यांचं चित्र रंगवलेलं. वाऱ्याला डिझेलचा वास होता आणि एक बाई गाडीत हवा भरत होती.

इथल्या बऱ्याच जागा अशाच गेल्या. नव्वदच्या दशकात एम-११ महामार्गाचा जोडरस्ता काढताना शेकडो घरं पाडली. आल्बार्नच्या फिलब्रुक रोडवरचीही गेली. क्लेअरमाँट रोड नावाची सबंध गल्ली गेली. त्या गल्लीत बरेच चित्रकार राहायचे. त्यांनी घरांवर चित्रं रंगवली, झाडांवर झोपड्या बांधून, छपरांवर बसून विरोध केला. १९९४ च्या शेवटी पोलिसांनी एकेकाला उतरवलं. आता तिथे खाली कापलेल्या खोल रस्त्यावरून गाड्या पळतात आणि पुलावर उभं राहिलं तर बोललेलं ऐकू येत नाही. म्हणून स्टेशनातली ती काचेची चित्रं मला अजून जवळची वाटतात. ज्या गावाने स्वतःची घरं घालवली, त्याने निदान एवढं जपलं.

सासूबाई परत गेल्यात. त्यांना हा धागा फोनवर वाचून दाखवला. गुलटेकडीकर, तुमचा प्रतिसाद त्यांनी दोनदा वाचायला लावला, त्यांचं माहेर जुन्नरकडचं आहे, बटाट्याचंच.

गुलटेकडी_गाळा

मुक्ताताई, सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. जुन्नर-मंचरचा माल आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या येतो, त्यांच्या घरचं पोतंही कधीतरी आमच्या काट्यावर चढलं असेल.

एक राहिलं होतं सांगायचं. 'फ्रेन्झी'चं शूटिंग १९७१ साली खऱ्या कॉव्हेंट गार्डन बाजारात झालं. बाजार तिथून हलणार हे ठरलं होतं, १९७४ ला तो नाइन एल्म्सला गेलाच. आपल्याला आठवतो तसा बाजार एकदा पडद्यावर यावा, अशी हिचकॉकची इच्छा होती. तेव्हा तो सत्तरीचा, जगभर नाव झालेला, आणि वडील जाऊन छप्पन्न वर्षं झालेली. शूटिंग चालू असताना एक म्हातारा सेटवर आला. तुमचे वडील इथे माल घ्यायला यायचे ते मला आठवतंय, असं त्याने सांगितलं.

हिचकॉकने त्याला जेवायला थांबवून घेतलं.